एकोणीसशे बारावा थर

उरलच्या पूर्वेला, कारखान्याच्या गावात
बाहेर उणे एकतीस,
आणि आत, काचेमागे,
आर्गॉनने भरलेल्या पेटीत
रुफिना सफारोवा टायटॅनियमच्या करड्या भुकटीचं अंथरूण घालते.

केसाच्या निम्म्याहून पातळ थर. पातं येतं,
सारवल्यासारखं फिरून जातं.
मग लेझर उतरतो,
आणि जिथे धातू असायला हवा
तेवढंच वितळतं. बाकीची भुकटी झोपून राहते.
पुन्हा पातं. पुन्हा पुट.
दोन हजार एकशे चाळीस पुटं चढली
की चार बोटं उंचीची एक बिजागरी,
बचाव-हेलिकॉप्टरच्या दाराची.
एकसष्ट तास.

तिचा बाप रफकत अडतीस वर्षं लेथवर होता.
वीस किलोच्या ठोकळ्यातून दोन किलोचा भाग,
अठरा किलो कीस पिंपात.
घरी आला की बाह्यांतून निळी-सोनेरी वेटोळी गळायची,
लहानगी रुफिना ती कानांत अडकवून मिरवायची.
घाव सोसल्याशिवाय देवपण नाही, ही त्याची जात.
नको ते काढ, उरेल ते खरं.
परवा लेकीच्या यंत्रासमोर बराच वेळ उभा राहिला,
मग म्हणाला, "आवाज कुठाय?"

मी तपासनीस.
न कापता आत बघायचं, हा माझा धंदा.
क्ष-किरणांत मला वस्तू दिसत नाही, दिवस दिसतात.
तळाला सोमवार, संध्याकाळचे सहा.
कमरेत मंगळवारची मध्यरात्र.
आणि पार वर, एकोणीसशे बाराव्या थरात,
रुफिनाच्या तिरक्या अक्षरात:
"साडेबारा. भुकटीवर पात्याचा ओरखडा.
थांबवलं. ओरखडा भरला. अकरा मिनिटं. पुढे चालू."

न थांबवती
तर पुढच्याच पुटाखाली सगळं झाकलं जातं.
मलाही दिसलं नसतं, बहुतेक.
पण आमच्याकडचा नियम:
दहा मिनिटांवर खोळंबलेलं काही उडायचं नाही.
एका मिनिटापायी एकसष्ट तास भंगारात.

रफकत हसला, दात नसलेल्या बाजूने.
"माझा हात चुकला की त्याच क्षणी कळायचं.
तुम्हाला चुकायलासुद्धा तीन रात्री लागतात."

भंगारच, तर निदान काही शिकू, म्हणून
तिच्यातून एक कांडी काढली, ताणायला लावली.
एकोणीसशे बारावर मी निळ्या खडूने खूण केली होती.
सगळे त्या खुणेकडे बघत उभे.
रुफिना दाराशी, हात खिशात.
काटा चढत गेला, चढत गेला,
आणि फट्!
खूण जशीच्या तशी.
कांडी तुटली बोटभर खाली.

बोटभर खाली म्हणजे बुधवार, दुपारचे तीन.
मी रोजनिशी उघडली.
त्या दुपारी रुफिनाला झोप अनावर झाली होती,
म्हणून दोन तास दुसरंच कोणी बसलं होतं काचेपाशी.
नोंद एका ओळीची: "सर्व ठीक."
सही माझी.

काय बघत होतो मी?
आठवत नाही. खिडकीत बर्फ होतं.
चहा होता. पातं जात होतं, येत होतं,
आणि सगळं खरंच ठीक दिसत होतं.

रविवारी एक तुकडा खिशात घालून त्यांच्याकडे गेलो.
म्हाताऱ्याने तो अंगठ्याने चाचपला.
"मांजरीची जीभ," म्हणाला, "अशीच खरखरीत."
मग नखाने सांधा शोधू लागला,
वरून खाली, खालून वर.
रुफिनाचे अकरा मिनिटं त्याला सापडलेच नाहीत.

तुटलेल्या तोंडाशी मात्र नख थांबलं.
तिथे राईहून लहान एक खळगा,
आणि खळग्यात दाणे, न वितळलेले,
बुधवारी होते तसेच गोल.

"आणि इथे," त्याने विचारलं, "कोण होतं?"

रुफिना माझ्या कपात चहा ओतत होती.
कप भरला.
ती ओततच राहिली.