गाडी गेल्याचा निरोप

चुडाव्याच्या अलीकडलं माझं फाटक.
एकोणीस वर्षं झाली. फोन वाजतो,
मास्तर नंबर सांगतात, मी नंबर सांगतो,
वहीत दोन्ही उतरतात, मग हँडल फिरवायचं.

त्या रात्री दोन पोरं गाडी तिरपी करून
दांड्याखालून घुसली.
इंजिनाचा उजेड त्यांच्या कानांवर होता.
मी कधी पळालो, कुणाची कॉलर धरली, आठवत नाही.
आठवतं ते एवढंच : तोंडाला कोरड, छातीत हलगी,
आणि फुटलेला गुडघा
जो सकाळपर्यंत दुखलाच नाही.

पूर्णेच्या दवाखान्यात डॉक्टर तबस्सुम म्हणाल्या,
नागोराव, मूत्रपिंडांच्या डोक्यावर
दोन टोप्या असतात, बोटाच्या दोन पेरांएवढ्या.
मेंदूनं हाक दिली की त्यांतून
आधी सुटतं ॲड्रेनॅलिन. लई चपळ, पण दम नाही,
मिनिटांत ओसरतं.
मागून येतं कॉर्टिसॉल, मालगाडीसारखं,
लिव्हरमधली साखर रक्तात ओतत.
पोटाला म्हणतं थांब, झोपेला म्हणतं थांब,
आधी ही गाडी जाऊ दे.
आणि तेच फिरून मेंदूला सांगतं :
गेली. आता हाका बंद करा.

मी विचारलं, अन् हा निरोप पोचलाच नाही तर?
त्यांनी माझ्या पोटाकडं पाहिलं,
साखरेच्या रिपोर्टकडं पाहिलं.

पोरं वाचली. त्यातला एक लिंबगावला
मोबाईल दुरुस्त करतो, मला बघून मान खाली घालतो.
ती गाडीही त्याच रात्री नांदेडला पोचली.
माझ्यात मात्र अजून येतेच आहे.
त्यात कानावर आलं, भुयारी रस्ता मंजूर झाला,
फाटक जाणार. कधी, ते कुणी सांगत नाही.
ह्या गाडीला ना वेळ, ना नंबर.
दांडा खाली तो खालीच.
रांगेत माझी झोप उभी, हॉर्न वाजवत,
आणि भूक खाली उतरून
कडेला बिडी ओढत बसलेली.

गोळी एकच दिली, साखरेची.
रोज चाला म्हणाल्या.
रुळाकडनं नाही जात मी, कालव्याकडनं जातो.
तिथं हळद शिजायली असते,
वाफेनं चष्मा पिवळा दिसतो.

काल तिथंच उभ्या उभ्या जांभई आली.
दचकलो. हात हँडलकडं गेला, हँडल नव्हतं.
मग आठवलं, आज सुट्टी.
दिली मग पुरी जांभई,
जबडा दुखेपर्यंत.