पितळेची कळ

लक्ष्मीपुरीत, चपलांच्या दुकानावर माझी टायपिंगची शाळा.
सव्वीस वर्षं एकच ओळ शिकवत आले:
ए एस डी एफ जी एफ,
सेमिकोलन एल के जे एच जे.
खाली बघायचं नाही, असं भिंतीवर लिहिलंय तेलरंगात.
जो बघेल त्याच्या मनगटावर फूटपट्टी.
टाइपरायटर भंगारात गेले, कॉम्प्युटर आले,
ओळ तीच राहिली. फूटपट्टीही.

दिवाळी उलटल्यावर एका रात्री, शटर अर्धं ओढलेलं,
दस्तगीर नायकवडी वाकून आत आला.
उद्यमनगरात लेथवर असतो.
लेथ अजून शेजारीच चालू असल्यासारखा
मोठ्यानं बोलला:
"सर्टिफिकिट नको मला, बाई.
एक गाणं वाजवायचं हाय. पोरीचं."
कीबोर्डाचा पियानो होतो
हे त्याला कारखान्यातल्या कुणीतरी फोनवर दाखवलेलं.

बायको सीपीआरला आया, महिनाभर रात्रपाळी.
पोरगी तिच्या गाण्याबिगर डोळा मिटत नाही.
"तुम्ही म्हणा की," मी म्हटलं.
"म्हटलं की. पोरगी रडाय लागली,
आणि गल्लीतली कुत्री बी."

गाणं बायकोनंच जुळवलेलं, भाकरी थापता थापता:
मुंगी मुंगी कुठं गेली,
गुळाच्या ढेपंत झोपी गेली.
बस. पुढं काही नाही.
ढेपेत पोचलेल्या मुंगीला
आणखी जायचंय कुठं?

ए ए, एस एस, डी डी, एस ए.
मी सांगायची, तो दाबायचा.
त्याच्या एका बोटाखाली दोन कळा जायच्या,
एका मुंगीच्या दोन व्हायच्या आणि भांडायच्या.
मिलिमीटरचा शंभरावा भाग ओळखणारं ते बोट
प्लास्टिकवर आल्यावर
घाबरत होतं.
त्यानं पाटी वाचली. "खाली बघू न्हवं?"
बघा, मी म्हटलं.
आणि माझ्याच जिभेला ते नवं लागलं.

दुसऱ्या ओळीत ढेप आली, आणि ढेप वाजेना.
तिथं हवा होता प, म्हणजे जी,
आणि त्या कीबोर्डाची जी
कुठल्यातरी बॅचच्या पोरांनी उपटून नेलेली.
नुसता खळगा, तळाशी रबराचा ठिपका.
दुसरं मशीन घ्यावं, तर बाकी सगळ्यांचे स्पीकर मुके.
मग ढेपेपाशी आलो की दोघं तोंडानं म्हणायचो "ढे",
तो एका गावात, मी दुसऱ्या.
खाली चपलांचे खोके मोजणारा सुबराव
मोजणी विसरायचा.

तिसऱ्या रात्री त्यानं खिशातून पुडी काढली.
विड्या असतील वाटलं.
आत पितळेची कळ,
जेवणाच्या सुट्टीत काढलेली. गोल.
"चौकोनी हुईना. लेथवर गोलच येतंय.
अक्षर काय कोरलं न्हाई,
तुमास्नी म्हाईतच हाय की कुठलं ते."
बसवली. खिशाची ऊब होती तिला.
त्यानं अंगठ्यानं दाबली
आणि प आला,
साधा, थोडासा नाकातला,
पण आपल्या जागी.

मग फोन स्पीकरला टेकवून भरून घेतलं.
पहिल्या खेपेला मधेच ट्रकचा हॉर्न.
दुसऱ्याला त्यालाच खोकला आला.
तिसऱ्याला शेवटच्या "गेली"वर बोट घसरलं,
मी म्हटलं पुन्हा घेऊ.
"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला,
"तिची आई बी तितं जांभईच देती."

त्यानंतर आला नाही. पाळी बदलली असेल,
किंवा बायकोची रात्रपाळी संपली असेल,
किंवा पोरगी नव्या गाण्यावर गेली असेल.
फी द्यायची राहिली, मागायची मलाही सुचली नाही.
कळ आहे. काळवंडली जरा.
सकाळच्या बॅचची पोरगी बोट दचकून उचलते:
"मॅडम, ही गार लागती."
मी म्हणते, जी आहे ती, चालू दे.
ती खाली बघते.
बघू देते मी,
तेवढ्या एका कळेपुरतं.