आडव्या रेघेचे पैसे

खडकी बाजाराच्या मागे, नाल्याला लागून माझं पत्र्याचं शेड.
बाई आली तेव्हा मी कुणाच्या तरी पाट्याला टाकी लावत होतो.
सोबत अंतोन रिक्षावाला. दुभाषी तोच,
दोन्हीकडून थोडं थोडं गाळत.

टेनेसीची म्हणाली. डोंगरातली.
पणज्याच्या पणज्याचा भाऊ इथे पलटणीत होता,
पटकीत गेला. दगड कधीच फुटला,
नाव रजिस्टरात उरलंय, तेही वाळवीनं अर्धं.
नवा दगड हवा. लहान. काळ्या पाषाणाचा.

कागद पुढे केला. इंग्रजी अक्षरं मी वाचत नाही,
कोरतो.
वर नाव, सॅम्युएल मॅकिल्वेन.
खाली दोन शब्द, मधे एक आडवी रेघ:
स्कॉच-आयरिश.
अंतोन म्हणाला, स्कॉच म्हणजे बाटली ना?
बाई हसली नाही. आधी शंभरदा हसून झालं असेल.

अक्षराला साठ, मी म्हटलं.
आणि रेघेचे?

तीस वर्षं टाकी धरतोय.
हे कुणी विचारलं नव्हतं.

मग पाण्याच्या ड्रमावर बसून सांगत गेली.
स्कॉटलंडात जमीन नव्हती, राजानं समुद्रापलीकडे दिली,
आयर्लंडात, दुसऱ्याची काढून.
तिथले म्हणाले, उपरे.
चार पिढ्या राबले, खंड वाढला, जहाजात बसले.
अमेरिकेत उतरले तर लोक म्हणाले, आयरिश आले.
बरं, आयरिश.
पुढे दुष्काळातून पळालेले दुसरे आयरिश उतरले,
उपाशी, निराळ्या पंथाचे,
तेव्हा हे घाईघाईनं म्हणाले, छे, आम्ही ते नव्हे,
आणि आपल्या नावाआधी स्कॉच लावलं.

म्हणजे रेघ जोडायला नाही, तोडायला, अंतोन म्हणाला.
हे त्याचं की तिचं, मला कळलं नाही.

आणि तो डोंगर, मी विचारलं, तो रिकामा होता?
अंतोन जरा थांबला, मग इंग्रजीत बोलला.
बाई ड्रमाच्या कडेचा गंज नखानं खरवडत राहिली.
नाही, म्हणाली. बऱ्याच वेळानं.

तिची आजी पाहुणे यायच्या आधी ओरडायची, रेड अप!
म्हणजे आवरा.
शेजारच्या शहरातही कुणाला कळायचं नाही.
देश दोनदा सुटला,
केरसुणीजवळचा शब्द तेवढा राहिला.

मी सांगितलं नाही
की आम्ही घरात दगडाला रायी म्हणतो, पाण्याला नीळ्ळू.
आंध्राकडचा माणूस आमची बोली ऐकून हसतो,
इथला विचारतो, मूळचे कुठले तुम्ही?
पोराच्या दाखल्याला एकसष्ट सालचा पुरावा मागितला.
माझ्या आजानं पुलाचे दगड फोडले, त्याच्याही आधीपासून;
पण पूल उचलून साहेबाच्या टेबलावर
ठेवता येत नाही.

चार दिवस लागले.
अक्षरं सोपी, हात आपोआप वळतो.
भीती रेघेची. उथळ मारली तर दोन पावसाळ्यांत बुजते,
खोल गेली तर दगड तिथूनच दुभंगतो.
श्वास धरून मारली.

पावती केली: अक्षरं पंचवीस, पंधराशे.
रेघ, एक.
पुढचा रकाना कोरा.
बाईनं बोट फिरवलं, नावावरून नाही, रेघेवरून,
आणि शंभराची एक नोट जादा दिली.
मी घेतली. का घेऊ नये?

संध्याकाळी एका कपचीवर कोळशानं लिहून पाहिलं:
वडार. मग आडवी रेघ.
पुढे काय ते ठरेना. कोळसा बोटात तसाच.
तेवढ्यात पाट्याची मालकीण दारात,
म्हणाली, परवा देतो म्हणाला होतात,
अजून झाला नाही?