वचनाच्या वरच्या ओळी

नाना पेठेत, मिक्सर-दुरुस्तीच्या दुकानावर
आमचं डीटीपीचं खोपटं.
ऑक्टोबर लागला की मंडळीचं कॅलेंडर येतं:
बारा महिने, बारा वचनं, बारा परदेशी डोंगर.

प्रुफं तपासायला घोरपडीहून सलोमीमावशी येते.
पिशवीत चष्मा, पेरूच्या फोडी
आणि पुठ्ठा सुटलेलं शास्त्र.
जानेवारीवर तिची पेन्सिल थांबते.
तुमच्याविषयी माझ्या मनात भल्याचेच बेत आहेत…
दरवर्षी हेच.
नोकरी लागलेल्याला हेच, नोकरी गेलेल्यालाही.
आमची मुलगी दिवस भरायच्या आधी आली,
ससूनमध्ये चौथ्या दिवशी गेली,
तेव्हा कोणीतरी हेच फ्रेम करून आणलं.
ती फ्रेम कपाटामागे आहे, काच भिंतीकडे.

"शद्रक, हे पत्र आहे रे," मावशी म्हणते,
"पाकीट कुठंय?
कोणाला लिहिलं, कुठल्या गावी, ते फाडून
गोड तेवढं चिकटवलंत."

मग ती वरून वाचते, बोट ठेवून.
धरून बाबेलला नेलेली माणसं.
दोन वर्षांत घरी जाल म्हणणारे गोडबोले.
आणि यिर्मया कळवतो: घरं बांधा.
बागा लावा, त्यांची फळं खा. लेकी उजवा.
ज्या शहरात आणून टाकलंय
त्याच्यासाठी प्रार्थना करा,
त्याचं बरं तर तुमचं बरं.
सत्तर वर्षं लागतील.

"सत्तर. मोजलंस?
पत्र हातात धरलेला म्हातारा तिथंच मरणार होता.
त्यालाही ते कळलं असणार."

खाली एक मिक्सर घरघरला आणि बंद पडला.

"तुझ्या लेकीबद्दल त्यात काही नाही.
उगाच घालू नकोस."

मला हलकं वाटलं.
का, ते अजून सांगता येत नाही.

मावशी काही संत नाही.
बुधवारच्या प्रार्थनेला तिघंच जमले
की पाळकसाहेब दोघा-तिघांचं वचन काढतात.
"ते भांडण मिटवण्याबद्दल आहे," ती पुटपुटते,
आणि पलीकडच्या बाकावर बसलेल्या दिराशी
अकरा वर्षं बोलत नाही.

एकोणिसाव्या वर्षी जालन्याहून आली,
खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या नवऱ्यामागे.
पुणं तिला कधी आपली म्हणालं नाही.
तिनं चाळीमागे पेरू लावला.
पहाटे उठून या शहराची नावं घेते:
मुठेचं काळं पाणी, हडपसरचा कचरा,
ब्रेक न लागणाऱ्या बसा,
आणि फोन न उचलणारा तो नगरसेवकसुद्धा.

ती गेल्यावर मी जानेवारीचा डोंगर अर्धा कापला.
बर्फ गेलं, जागा झाली, वरच्या ओळी बसल्या,
आठ पॉइंटात.
कमिटीचा फोन आला:
एवढं बारीक कोण वाचणार?
म्हटलं, जवळ जाऊन वाचतील.

कीबोर्डपाशी तिनं ठेवलेली फोड होती, मीठ लावलेली.
खाल्ली.
दाढेत एक बी अडकलं;
संध्याकाळपर्यंत जीभ तिथंच.