सहा इंच

त्या हिवाळ्यात ओडेगार्ड कोच नऊ घरांत जेवले
आणि नऊही पोरं नदीपलीकडच्या विद्यापीठात गेली.
तिकडे अक्रोडाच्या लाकडाचे लॉकर, स्वतःचा न्हावी.
आमच्याकडे गळकी व्यायामशाळा, आणि एक वजनकाटा
जो प्रत्येकाला चार पौंड जास्त दाखवायचा.
कोचनी तो मुद्दामच दुरुस्त केला नाही.

मग आम्ही आलो. चाळणीखालचे.
धान्याच्या कोठारावर पोती उचलणारा ड्वेन,
कुस्ती सुटलेला मटेओ, डाव्या कानानं बहिरा,
परक्या मैदानावर हा सोन्याचा, कोच म्हणाले,
आरोळ्या अर्ध्याच ऐकेल.
आणि मी, लाइल पोखोप, बुटका, सपाट तळव्यांचा.

ऑगस्टभर एकच गोष्ट.
पहिलं पाऊल सहा इंच. सात नाही.
गवतावर चुन्याच्या रेघा, गुडघे टेकून बसलेले कोच,
हातात सुताराची पट्टी.
"पाय हवेत असला की कुणीही ढकलतं."
आम्ही शिव्या घातल्या, मनातल्या मनात, मोजून.

नोव्हेंबर. त्यांचं मैदान. सतरा-तेरा, पुढे तेच.
शेवटचा प्रयत्न, रेघ एका यार्डावर,
समोर ट्रेंटन हॉलिस, तीनशे दहा पौंड.
तोच, ज्याच्या घरी कोच चारदा जेवले
आणि पाचव्यांदा आईनं दारातूनच माफी मागितली.

कोच हात हलवत परतले, असं आम्हाला वाटलेलं.
पण त्या पोराला तीन वर्षं न्याहाळून
त्यांनी एवढंसं आणलं होतं:
मुसंडी मारायची असली की त्याची बोटं गवतात रुतून पांढरी पडतात,
हूल द्यायची असली की नुसती टेकतात.

मी खाली पाहिलं.
पांढरी.

मटेओनं चेंडू मागे दिला. मी पाय सरकवला,
आणि हॉलिसचं वजन हॉलिसलाच घेऊन गेलं.
त्या फटीतून ड्वेन गेला, पोतं छातीशी धरावं तसा चेंडू धरून.

सगळे नाचत होते. कोच गर्दी तोडत पलीकडे गेले,
हॉलिसपाशी वाकले, विचारलं,
"आईचा गुडघा कसा आहे आता?"

पुढच्या वर्षी त्यांनी आम्हाला चाळीसनं धुतलं.
हेही सांगायला हवं.

आता माझाही एक गुडघा बदलून झालाय.
जानेवारीत बर्फावरून टपालपेटीकडे जाताना
शेजारी घसरतात.
मी पाऊल उचलत नाही अजून.
सरकवतो.