हद्द कायम

अर्ज होता : हद्द कायम मोजणी, अतितातडीची.
एकीकडे घणसोली, दुसरीकडे तळवली,
आणि मध्ये एक चिंचोळा तुकडा, जुन्या नकाशावर
कुणीतरी निळ्या शाईत 'खाजण' लिहून सोडून दिलेला.

तिपाई रोवली.
यंत्राला आभाळातले अकरा उपग्रह सापडले,
शिवेचा दगड सापडेना.

मग जोमा भोईर आले,
मिठागरात आयुष्यभर भाजलेल्या पावलांचे.
"सायबा, ही शीव पान्यातली.
भांगाला दोन पावलां अलीकरं, उधानाला धा पावलां पलीकरं.
तुजे कागदाला भरती म्हाईत हाय का?"

मी हसलो. मग लिहून घेतलं,
शेऱ्याचा रकाना तसाही रिकामा होता.

गाढव कोरलेला दगड होता म्हणे इथे,
शीव मोडणाऱ्याच्या आईला शिवी देणारा.
कुठल्या राजाचा, कुणास ठाऊक.
क्रूसवाले आले, जरीपटका आला, साखळी घेऊन गोरा आला,
शिवी जागची हलली नाही.
बायका तिच्यावर जवळा सुकवत.
भराव पडला त्या वर्षी कुठल्याशा डंपरखाली गेली.

"गावान पटकी आली का सुपान भात, नारल, लिंबू घेवाचो
न रातचे शिवंपार ठेवून येवाचो. मागारी बगाचा नाय."
आणि तळवलीवाले?
"ते पन तेच. त्यांची देवी इकरं."

म्हणजे या वीस-पंचवीस हात चिखलात
दोन्ही गावांची दुखणी समोरासमोर बसून असायची,
निवट्यांसारखी, डोळे वर काढून.
भरती थोडी धुऊन न्यायची,
ओहोटी त्यातली काही परत आणून ठेवायची.
इथे कुणी चूल मांडली नाही.
खेकडे तेवढे राहत, त्यांना सातबारा लागत नाही.

संध्याकाळी बिंदू जोडले.
रेषा नाल्याच्या भिंतीवरून निघाली,
वॉचमनच्या केबिनमधून, कुणाच्यातरी झाकलेल्या स्कूटरवरून,
सी विंगच्या जिन्यात शिरली.
मी पुन्हा आकडे तपासले. मग तिसऱ्यांदा.
जिना माझाच होता.

घरी मीनलनं दार उघडलं.
पोरीचा ताप चौथ्या दिवशीही उतरला नव्हता,
आणि या सगळ्यावर विश्वास नसलेल्या माझ्या बायकोच्या मुठीत
ओवाळलेलं लिंबू होतं.
"शिवेबाहेर टाकायचं असतं म्हणतात.
तू मोजणीतला. सांग, कुठे टाकू?"

मी खिडकी उघडली.
खाली नाल्यात पाणी उलटं चढत होतं,
खाडीकडून.