मानलेला लाभांश

मकरपुऱ्यातल्या शेडवर पाटी:
विचारे गास्केट्स प्रायव्हेट लिमिटेड.
आत एक प्रेस, चार माणसं, आणि रबराचा वास,
जो विद्याधरच्या शर्टातून
रोज दांडिया बाजारापर्यंत येतो.

निमेषभाई म्हणतात, बेन, कंपनी निराळी व्यक्ती.
खरंच. तिचं पॅनकार्ड आमच्याच खणात असतं,
त्यावर जन्मतारीखसुद्धा,
आमच्या ऋजुतापेक्षा दोन महिन्यांनी धाकटी.
फोटो तेवढा नाही.

कमाई तिची, म्हणून आधी कर ती भरते.
उरलेलं आमच्या हातावर ठेवते,
तेव्हा पुन्हा कर, आमच्या नावाने.
विद्याधर तिचा मालक, आणि पगारी नोकरही.
जूनमध्ये स्वतःच स्वतःला फॉर्म सोळा देतो:
कंपनीतर्फे सही करतो,
मग घडी घालून
स्वतःच्या खिशात ठेवतो.

ऋजुताच्या फीसाठी त्याने
कंपनीच्या खात्यातून तीन लाख उचलले.
दिवाळीला परत टाकतो म्हणाला,
टाकलेही, धनत्रयोदशीला.
निमेषभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
परत केलेत ते ठीक, पण
मालकाने घेतलेलं उसनं नफ्याची वाटणीच धरतात.
कायद्यात हा मानलेला लाभांश.

मानलेला भाऊ मला ठाऊक होता.
तो ओवाळणी घालतो.
हा मागतो.

रात्री विद्याधर खिसे रिकामे करतो:
किल्ल्या, सुटे पैसे,
एक काळं गास्केट, अंगठीएवढं.
हे कंपनीचं ना? मी विचारते.
तो हसत नाही.
उद्या नेऊन ठेवतो, म्हणतो,
आणि डब्याशेजारी ठेवतो, विसरू नये म्हणून.